पाण्यात पाहणं

मार्चचा पहिला मंगळवार. टाउन हॉलच्या पायरीशी
बूट खरवडायची लोखंडी पट्टी
नऊच्या आतच चिखलानं भरून गेली.

कलम एक ते दहा पटापट निघाली.
ग्रेडरला नवं पातं, वाचनालयाला सातशे डॉलर,
कुत्र्यांच्या परवान्याची फी जैसे थे.
मंजूर, मंजूर.
कुणी हातातलं विणकामही खाली ठेवलं नाही.

मग कलम अकरा.
टेकडीच्या पोटातून रस्त्याकडेला आलेला
एक इंची पाइप, खाली दगडी डोणी.
राज्याचं पत्र म्हणतं, क्लोरीन बसवा,
दर महिन्याला तपासा,
नाहीतर पाइपाला टोपण घाला.
मुदत जूनअखेर. खर्च अकरा हजार.

सुया थांबल्या.

ऑरिन पेटिबोन खुर्चीच्या पाठीला धरून उठला.
"त्र्याऐंशी वर्षं हेच पितोय. मेलो का?"
मागून कुणीतरी म्हणालं, "अजून वेळ आहे, ऑरिन."
सगळा हॉल हसला, ऑरिन सोडून.

डेल्फीन गॅन्यो हसता हसता एकदम थांबली.
हायवेवर दर हिवाळ्यात मीठ टाकून टाकून
राज्यानं तिची विहीर खारट केली,
"तेव्हा कुठलं पत्र आलं नाही," ती म्हणाली.
तेव्हापासून सहा कॅन, दर शनिवारी, झऱ्यावरून.

टॅम्सिनचं पोर ऑगस्टमध्ये पाच दिवस सलाईनवर होतं.
"पाण्यानंच झालं असं मी म्हणत नाही.
पण पाण्यानं नाही झालं,
असं लिहून देईल का इथलं कुणी?"
तिनं चारी बाजूंना पाहिलं.
खिडकीखालचा रेडिएटर तेवढा खडखडला.

"राजधानीत बसून सही ठोकणाऱ्या बाईनं
हा झरा कधी डोळ्यांनी बघितलाय?"
हा आवाज कुणाचा ते मला कळलं नाही.
क्लार्कनं कागद नाकाजवळ नेला.
"एम. कॅम... खँबेट?"

ती बाई चौथ्या रांगेत बसली होती,
मांडीवर सफरचंदाच्या पायचं भांडं घेऊन.
सहा वर्षं याच गावात राहते,
त्याच डोणीवर कॅन भरते.
भरायची.

उभी राहिले. पाय शेजारणीकडे दिला.
"खांबेटे," म्हटलं. "खांबे, टे."

आमच्या भाषेत पाण्यात पाहणं म्हणजे
मनात डूख धरणं.
आणि मी आठ-आठ तास पाण्यात पाहते,
कुणाशी काही वाकडं नसताना.
रात्रभरात पिवळी पडलेली बाटली
सकाळी दिव्याखाली धरते,
ती निळी उजळली
की कुठल्यातरी गावात सभा भरते.
हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना.
म्हणून आकडा सांगितला.
शंभर मिलिलिटरमध्ये चार.
हवा होता शून्य.

"नमुना कधीचा?" डेल्फीननं विचारलं.
"ऑगस्टचा. तीन दिवसांच्या पावसानंतरचा."
"आणि नंतर?"
"नंतर कुणी घेतलाच नाही."

त्यावर जो गोंधळ झाला
तो मॉडरेटरच्या हातोडीला आवरेना.
एक दुरुस्ती, दुरुस्तीला दुरुस्ती,
मग कुणीतरी म्हणालं, सूचनाफलक लावू, उकळून प्या,
कुणी म्हणालं, फलकालाही राज्याची परवानगी लागते.
तेवढ्यात स्वयंपाकघरातून निरोप आला,
बीन्स गार होताहेत.
हा एकच ठराव दिवसभरात एकमतानं पास झाला.

जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे-मागे
हातभर जागा मोकळी राहिली होती.
मग ऑरिन ताट घेऊन तिच्यात शिरला.
"उद्या घे नमुना. बाटली मी धरतो."
"बाटली निर्जंतुक लागते," म्हटलं, "तुमचे हात नकोत."
त्यानं तळहात उलटसुलट करून पाहिले,
नखांत कालचं ग्रीस होतं.
"मग छत्री धरतो," म्हणाला.

टेबलाच्या टोकाला कॉफीचा मोठा भगोना,
खाली डेल्फीनचे दोन रिकामे कॅन.
कुठलं पाणी, कुणी विचारलं नाही.
वाफ येत होती.
मी कप पुढे केला.